मोटारीचा साज आणि त्याचे रंगकाम

घोड्याला जसा खोगीर-लगामाचा साज असतो, तसा मोटारीलाही एक बाह्य साज असतो. पुढचे व मागचे बंपर, रेडिएटरसमोरची जाळी, दारांवरील आडव्या पट्ट्या, खिडक्यांच्या कडा, आरशांची आवरणे, चाकांवरील टोप्या आणि चाकांच्या कमानींवरील काळ्या कडा हे सारे त्यात येते. गाडीच्या सांगाड्याच्या व पत्र्याच्या मानाने हे भाग गौण समजले जातात; परंतु धक्का, ओरखडा, चिखल आणि ऊन यांचा पहिला मारा त्यांनाच सोसावा लागतो. म्हणूनच गाडीचा पत्रा अजून तुकतुकीत असताना साज मात्र विटलेला, पांढुरका पडलेला किंवा गंजलेला दिसू लागतो आणि तो पुन्हा रंगवावा असा विचार मालकाच्या मनात येतो.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. रंग बाजारात मिळतो. बोट दाबताच फवारा उडवणारे डबेही मिळतात. तरीसुद्धा मोठ्या हौसेने घरी रंगवलेला बंपर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे टाकू लागतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. दुसऱ्या बाजूला, कुशल कारागिराने रंगवलेला बंपर वर्षानुवर्षे टिकतो; पण तो टिकाऊ रंग फवारता फवारता त्या कारागिराची फुफ्फुसे कायमची दुबळी होण्याचा संभव असतो. या दोन्ही गोष्टींची कारणे समजून घेतली, तर कोणते काम स्वतः करावे, कोणते दुसऱ्यावर सोपवावे आणि सोपवताना काय पाहावे, याचा निर्णय डोळसपणे करता येतो.

साज कशाचा बनतो?

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 1958 पासून 2014 पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांचे जुने, चकाकणारे बंपर आठवतील. ते पोलादी पत्र्याचे असून त्यांवर विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा दिलेला असे. या मुलाम्याला सर्रास ‘क्रोम’ म्हटले जात असले, तरी त्यातील क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो आणि पोलादाचे गंजापासून रक्षण मुख्यत्वे तोच करतो. या थरांना सूक्ष्म छिद्र किंवा तडा गेला, की पाणी आणि मीठ पोलादापर्यंत पोहोचते. मग गंज आतल्या आत पसरतो आणि मुलामा फुगून सुटू लागतो.

पुढे प्लास्टिक आले. फ्रान्समधील रेनो 5 ही गाडी 1972 साली प्लास्टिकचे बंपर लावून बाजारात आली आणि त्यानंतरच्या दशकांत हा प्रघात जगभर रूढ झाला. आज बहुतेक मोटारींचे बंपर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे असतात. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी 1954 साली या पदार्थाची सुबद्ध रचना असलेले रूप तयार केले. अशा प्रकारच्या संशोधनाबद्दल त्यांना आणि जर्मनीतील कार्ल त्सिग्लर यांना 1963 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पॉलिप्रोपिलीन स्वस्त व हलके असते. त्यात रबरासारखे पदार्थ मिसळले, की ते किरकोळ धक्क्याने न फुटता वाकते आणि पूर्ववत होते. जाळ्या, आरशांची आवरणे आणि नावाच्या पाट्या यांसाठी मात्र पुष्कळदा एबीएस नावाचे अधिक कडक प्लास्टिक वापरतात. त्यावर धातूचा मुलामाही देता येतो. याखेरीज स्टेनलेस स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आढळतात.

आपल्या हातातील भाग कशाचा आहे, हे ओळखणे ही रंगकामाची पहिली पायरी होय. प्लास्टिकच्या भागाच्या आतील बाजूस त्याच्या प्रकाराची आद्याक्षरे पुष्कळदा रोमन लिपीत उठवलेली असतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. शुद्ध पॉलिप्रोपिलीनचा कपचा पाण्यावर तरंगतो आणि एबीएसचा बुडतो. मात्र पॉलिप्रोपिलीनमध्ये खनिजाची भुकटी मिसळलेली असल्यास तेही बुडू शकते, म्हणून आद्याक्षरांचा पुरावा अधिक भरवशाचा.

साज का विटतो?

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातील जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडतात. पॉलिप्रोपिलीनच्या बाबतीत ही तोडफोड विशेष सहजतेने होते. तिला अटकाव करण्यासाठी कारखान्यात त्यात काजळी आणि अन्य संरक्षक द्रव्ये मिसळतात. न रंगवलेले भाग बहुधा काळे किंवा करडे असतात, त्याचे हे एक कारण होय. तरीही राजस्थानसारख्या प्रखर उन्हाच्या प्रदेशात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पृष्ठभागावर कालांतराने सूक्ष्म तडे जातात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळा भाग पांढुरका दिसू लागतो. चेन्नई, मुंबई, विशाखापट्टणम अशा किनाऱ्यावरील शहरांत उन्हाच्या जोडीला खारा वारा असतो आणि तेथे धातूच्या भागांचे नुकसान अधिक होते.

पांढुरका दिसणारा प्रत्येक भाग रंगवण्याची गरज असते असे मात्र नाही. पुष्कळदा पत्र्यावर लावलेले मेणाचे पॉलिश प्लास्टिकच्या खरबरीत पृष्ठावर साठून वाळलेले असते. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने ते निघून जाते. बाजारात मिळणारी तेलकट द्रव्ये लावल्यास भाग पुन्हा काळा दिसतो, पण काही आठवड्यांपुरताच. यांतील कित्येक द्रव्यांत सिलिकोन असते आणि ते पुढे रंगाचे हाडवैरी ठरते. सिलिकोनचा अंश राहिलेल्या जागी ताजा रंग मागे सरकतो आणि तेथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

रंग चिकटतो कसा?

अळवावरचे पाणी पानाला न भिजवता मोत्यासारखे घरंगळते. पाण्याच्या रेणूंना एकमेकांविषयी असलेली ओढ पानाच्या मेणकट पृष्ठाविषयीच्या ओढीपेक्षा कितीतरी अधिक असते. रंगाचेही तसेच आहे. पृष्ठभागावर तो पसरला, त्याला भिजवू शकला, तरच तो पुढे चिकटून राहतो. पॉलिप्रोपिलीनचा पृष्ठ अळवाच्या पानाच्या जातीचा असतो. त्याच्यावर रंग पसरल्यासारखा दिसला, तरी दोघांत कोणताही पक्का बंध निर्माण होत नाही. वाळलेला रंग त्यावर केवळ पातळ कातड्यासारखा बसलेला असतो. एखादा खडा लागून त्याला चीर गेली, की पाणी आत शिरते आणि पाहता पाहता हातभर पोपडा निघतो. घरी रंगवलेल्या बंपरच्या फजितीचे हेच प्रमुख कारण होय.

यावर उपाय दोन. कारखान्यात प्लास्टिकच्या पृष्ठावरून क्षणभर ज्योत फिरवतात. तिच्यामुळे पृष्ठावरील रेणूंचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यांना रंगाविषयी ओढ निर्माण होते. गॅरेजमध्ये आणि घरी हे शक्य नसते. तेथे क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचे खास अस्तर वापरतात. कारागीर त्याला ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणतात. या अस्तराचा एक भाग प्लास्टिकशी जुळतो आणि दुसरा भाग रंगाशी. ते अतिशय पातळ द्यायचे असते; जाड दिल्यास ते स्वतःच दुबळा थर बनते. एबीएसला बहुधा त्याची आवश्यकता नसते, कारण रंग त्याला चांगला धरतो.

धातूंची गोष्ट निराळी. क्रोमियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अदृश्य, निष्क्रिय पापुद्रा असतो आणि त्यामुळेच ते चमकदार राहते. तोच पापुद्रा रंगाला थारा देत नाही. सुटू लागलेल्या मुलाम्यावर रंग देणे तर पूर्णपणे व्यर्थ. मुलामा सुटला की त्याच्याबरोबर रंगही जातो. अशा वेळी मुलामा पुरता काढून टाकून पोलादाला गंजरोधक अस्तर द्यावे, किंवा मुलामा देणाऱ्या कारखान्यातून तो नव्याने करून घ्यावा. क्रोमची झळाळी कोणत्याही रंगाने हुबेहूब साधत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या तर रंगवण्यापेक्षा घासून उजळणेच श्रेयस्कर ठरते.

पूर्वतयारी

कुशल कारागीर रंगकामाचा बहुतेक वेळ रंग देण्यात घालवत नाही. तो वेळ जातो धुण्यात, घासण्यात आणि झाकण्यात. शक्य असेल तर भाग गाडीवरून उतरवावा. तसे केल्याने कडा आणि खाचा नीट रंगवता येतात आणि पत्र्यावर रंगाचे शिंतोडे उडत नाहीत. प्रथम साबणाच्या पाण्याने, नंतर तेल-मेण काढणाऱ्या द्रवाने भाग स्वच्छ करावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. मेण न काढता घासले, तर पॉलिशपेपर तेच मेण ओरखड्यांत खोलवर चोळून बसवतो.

त्यानंतर घासणे. खोल ओरखडे आणि जुना रंग यांसाठी 180 ते 240 क्रमांकाचा कागद, लांबी भरल्यावर 320, अस्तरावर 400 ते 600, असा जाड्याकडून बारीककडे प्रवास होतो. प्लास्टिकसाठी वाकणारी खास लांबी घ्यावी. पत्र्यासाठी असलेली कडक लांबी बंपर वाकताच तडकते. न रंगवलेल्या प्लास्टिकवर जाडा कागद चालवू नये, कारण त्यामुळे तंतू उठतात आणि ते रंगातून दिसत राहतात. घासण्याचा हेतू पृष्ठ गुळगुळीत करण्याचा नसून रंगाला धरण्यासाठी असंख्य बारीक खाचा निर्माण करण्याचा असतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक दक्षता अवश्य घ्यावी. पूर्वीच्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाचे क्रोमेट आणि गंजरोधक अस्तरांत शिशाची किंवा जस्ताच्या क्रोमेटची संयुगे वापरली जात. असा थर कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते. तो पाणी लावून वॉटरपेपरने घासावा, गाळ पुसून वेगळा काढावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

वाळणारे आणि जमणारे रंग

मोटारीच्या रंगांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार केवळ वाळणारा. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 1923–24 च्या सुमारास ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आणला. तोपर्यंत एका गाडीच्या रंगकामाला आठवडे लागत. ते आता काही तासांवर आले. भारतीय गॅरेजांत फवारून दिलेल्या रंगाला ‘ड्यूको’ म्हणण्याची पद्धत त्यावरूनच पडली. या प्रकारात थिनर उडून जातो आणि रंग उरतो. त्याच कारणाने थिनर किंवा पेट्रोल लागल्यास असा रंग पुन्हा विरघळतो. बाजारातील साध्या फवारा-डब्यांत बहुधा याच जातीचा ॲक्रिलिक रंग असतो.

दुसरा प्रकार म्हणजे इनॅमल. ट्रक आणि ट्रॅक्टर यांचे लोखंडी बंपर देशभर ब्रशने याच रंगाने रंगवले जातात. हवेतील ऑक्सिजन शोषून तो सावकाश घट्ट होतो. त्याला यंत्रसामग्री लागत नाही आणि दुरुस्तीही सुलभ असते. पण सफाई आणि उन्हातील चकाकी यांत तो कमी पडतो.

तिसरा प्रकार जमणारा. येथे रंग आणि हार्डनर हे दोन द्रव ऐनवेळी मिसळले जातात. हार्डनरमधील आयसोसायनेट ही संयुगे रंगातील रेणूंशी संयोग पावून त्यांचे घट्ट जाळे विणतात. एकदा जमलेला हा थर थिनरनेही सहजी विरघळत नाही. आधुनिक मोटारीवरचा पारदर्शक वरचा थर गॅरेजमध्ये बहुधा याच रीतीने दिला जातो. टिकाऊपणात त्याची बरोबरी पहिले दोन्ही प्रकार करू शकत नाहीत.

या गुणाची किंमत मात्र मोठी आहे. भोपाळ येथे 1984 च्या 2–3 डिसेंबरच्या रात्री ज्या वायूने हाहाकार उडवला, तो मिथिल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातला. रंगाच्या हार्डनरमधील रेणू त्याच्याहून बरेच जड असतात आणि त्या वायूप्रमाणे सहज उडून जात नाहीत, हे खरे. पण फवारणी करताना ते अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपाने हवेत तरंगतात व श्वासावाटे आत जातात. काही व्यक्तींच्या शरीरात त्यांच्याविषयी तीव्र संवेदनशीलता निर्माण होते आणि त्यानंतर अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणण्यास पुरेशी होते. त्वचेला वारंवार झालेला स्पर्शही याला हातभार लावतो. धोकादायक प्रमाण वासावरून ओळखू येत नाही आणि तुषार दिसेनासे झाल्यावरही हवेत काही काळ राहतात. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे आणि हवा खेचून गाळणारी बंदिस्त खोली हाच खरा बंदोबस्त. भोपाळची आपत्ती एका रात्रीत जगाला दिसली. गॅरेजच्या कोपऱ्यात होणारी हानी सावकाश आणि एकेकट्या माणसाची होते, म्हणून ती नजरेआड राहते.

हवामानाचा हात

भारतात वर्षभर सारख्याच रीतीने रंगकाम करता येत नाही. थिनर उडताना पृष्ठभागातील उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठ थंड पडतो. केरळ, कोकण किंवा बंगालमधील पावसाळी हवेत तो दवबिंदूच्याही खाली जातो. मग हवेतील बाष्प ओल्या रंगावर जमून रंगावर दुधी छटा येते. नायट्रोसेल्युलोजच्या रंगात हा दोष विशेष दिसतो. सावकाश उडणारा थिनर वापरणे हा त्यावरचा जुना उपाय. पावसाची उघडीप पाहून काम करणे हा त्याहून चांगला. याउलट नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यातील दुपारी रंगाचे तुषार पृष्ठावर पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतात आणि पृष्ठ वाळूसारखा खरखरीत होतो. तेथे सकाळची वेळ आणि सावली साधावी.

फवारताना डबा किंवा स्प्रेगन पृष्ठापासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावर, पृष्ठाला समांतर फिरवावी. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. वरचा थर आधी वाळून आत थिनर अडकला, तर पुढे फोड येतात. फवारा-डबे कधीही उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत आणि काम चालू असताना आसपास विडी-काडीही पेटवू नये.

घरी की कारागिराकडे?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. सुटा निघणारा, आकाराने लहान, काळ्या किंवा करड्या रंगाचा भाग घरी रंगवण्यास हरकत नाही. आरशाचे आवरण, चाकाची टोपी, जाळी, पट्टी ही कामे साधा फवारा-डबा, योग्य अस्तर आणि एका सुट्टीच्या दिवसाचा धीर यांवर होतात. काळा रंग पत्र्याच्या छटेशी जुळवावा लागत नाही आणि काम बिघडले तरी पुन्हा घासून सुरुवात करता येते. लोखंडी बंपरवर ब्रशने इनॅमल देणेही याच वर्गात मोडते. मात्र हार्डनर मिसळलेला रंग, मग तो फवारा-डब्यात मिळत असला तरी, घरी वापरू नये.

गाडीच्याच रंगाचा बंपर ही कारागिराची बाब. कारखान्यात पत्र्याचा रंग सुमारे 140 अंश सेल्सियसला भाजला जातो. प्लास्टिक ती उष्णता सोसत नाही, म्हणून बंपर वेगळा आणि कमी तपमानाला रंगवतात. नव्या गाडीतही बंपर आणि पत्रा यांच्या छटांत पुष्कळदा किंचित फरक दिसतो, त्यामागे हेही एक कारण असते. धातूचे कण असलेल्या रंगात तर कण कोणत्या दिशेने बसले यावरही छटा बदलते. ती जुळवायला अनुभवी डोळा आणि हात हवा. अलीकडच्या काही गाड्यांत बंपरमागे रडार बसवलेले असते. लांबीचा जाड थर किंवा धातुकणांचा रंग त्याच्या लहरींना अडथळा करू शकतो; अशा गाडीच्या बाबतीत उत्पादकाच्या सूचना पाहिल्याविना काम करू नये. दिवे, परावर्तक आणि नंबराची पाटी यांवर रंगाचा शिंतोडाही उडू देऊ नये. मुख्य पत्र्याचा रंग बदलायचा असल्यास तो नोंदणी-प्रमाणपत्रातील नोंदीचा विषय होतो आणि परिवहन कार्यालयाची अनुमती लागते.

काम सोपवताना केवळ दराची चौकशी पुरेशी नसते. भाग गाडीवरून उतरवणार का, प्लास्टिकला खास अस्तर देणार का आणि हार्डनर असलेला रंग कोठे व कोणत्या साधनांनी फवारणार, हे तीन प्रश्न विचारावेत. सर्वांत कमी दर सांगणारा बहुधा रंगात नव्हे, तर धुण्या-घासण्यात आणि फवारणाऱ्याच्या मुखवट्यात काटकसर करत असतो. पहिल्या काटकसरीचा परिणाम मालकाला एका पावसाळ्यात कळतो. दुसरीचा परिणाम त्याला कधीच कळत नाही. तो कारागिराच्या घरी कळतो. बंद खोली आणि शुद्ध हवेचा मुखवटा यांचा खर्च रंगकामाच्या मजुरीतूनच भागतो. तो गॅरेजच्या मालकाला परवडेल एवढी मजुरी देण्याची तयारी ज्या ग्राहकांपाशी असेल, त्यांच्या गाड्यांचा साज टिकेल आणि तो रंगवणारा हातही टिकेल.